तुकूम: तळं बांधेल त्याची जमीन

चंद्रपूर शहराच्या उत्तरेला, ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तुकूम नावाची वस्ती आहे. माझ्या आधार कार्डावर हेच नाव आहे. बाहेरगावच्या लोकांना ते नीट उच्चारता येत नाही आणि अर्थ विचारला तर इथल्या दहापैकी नऊ जणांना सांगता येत नाही. मोबाईलची दुकानं, कोचिंग क्लास, दवाखाने, हॉटेलं, लग्नाचे हॉल असा हा भाग आहे. जवळजवळ प्रत्येक इमारतीच्या आवारात बोअर आहे आणि गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. उन्हाळ्यात दुपारी टँकर उभे असतात.

तुकूम हा मुळात जमीनधाऱ्याचा शब्द आहे. चांद्याच्या गोंड राज्यात जो कोणी तळं बांधेल त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन मिळायची. अशा जमिनीला तुकूम म्हणत. फक्त आमच्याच वस्तीचं हे नाव नाही. सिंदेवाही, चिमूर, ब्रह्मपुरी या बाजूला गावांच्या यादीवरून बोट फिरवलं तर मूळ नावामागे ‘तुकूम’ जोडलेली गावं भेटत राहतात. ज्या शब्दाचा अर्थ ‘पाणी साठवल्याचं बक्षीस’ असा होता, त्याच शब्दाच्या पत्त्यावर आज टँकर मागवला जातो. मला यातला विनोद कळतो, पण हसू येत नाही.

हा पाण्याचा करार कसा चालायचा, तो कधी तुटला आणि आज आपल्या कॉलेजांच्या, ऑफिसांच्या, दवाखान्यांच्या इमारतींत त्याचं काय उरलं आहे, हे मला शोधायचं होतं. सुरुवात शेतापासून करावी लागते, कारण इमारतीतल्या नळाचा इतिहास शेतातच सुरू होतो.

परंपरा या पद्धतीचं श्रेय हीरशहा या गोंड राजाला देते. जंगल तोडून जमीन वहितीखाली आणेल त्याला गाव, तळं बांधेल त्याला तळ्याखालची जमीन, असं त्याने जाहीर केलं असं सांगतात. इंग्रज अधिकारी मेजर ल्यूसी स्मिथ याने १८६९ साली चांदा जिल्ह्याच्या महसुली बंदोबस्ताचा अहवाल लिहिला, त्यात गोंड राजांच्या या कहाण्या एकत्र आल्या. अहवाल लिहिणाऱ्याला अर्थातच सारा किती बसेल यात रस होता. पण सारा बसवायचा तर जमीन कुणाची आणि का, हे विचारावं लागतं. त्या विचारण्यातून हा शब्द कागदावर उतरला.

तळ्याचीच एवढी किंमत का? चंद्रपूरचा पूर्व भाग आणि गडचिरोली मिळून जो झाडीपट्टीचा मुलूख होतो, तिथे पाऊस काही कमी पडत नाही. वर्षाला साधारण बाराशे ते पंधराशे मिलिमीटर. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा ऐकून आमच्याबद्दल अजिबात दया येणार नाही. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत येतो आणि इथलं पीक आहे धान. रोवणी झाल्यावर बांधीत पाणी उभं राहावं लागतं, आणि सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरमध्ये दाणा भरायच्या वेळी पाऊस दगा देतो. नेमकं त्याच पंधरा-वीस दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंबी पोचट राहते. वर्षभराची मेहनत त्या दोन-तीन पाण्यांवर अडलेली. म्हणून उताराला आडवी मातीची पाळ घालायची, पावसाळ्यात भरून घ्यायचं आणि ऑक्टोबरला सोडायचं. मोठा असेल तर तलाव, छोटी असेल तर बोडी. शेजारच्या भंडारा-गोंदियाकडे आणि ब्रह्मपुरीच्या बाजूला कोहळी समाजाने या कामात मोठं नाव कमावलं.

या सगळ्यात मला सगळ्यात हुशारीची वाटते ती बक्षिसाची रचना. राजाने तळं बांधणाऱ्याला मोहरा दिल्या असत्या तर त्याने पाळ घातली असती, मोहरा घेतल्या असत्या आणि तो निघून गेला असता. तळ्यात गाळ साचला, पाळीला उंदरांनी बिळं पाडली, तर त्याचं काही बिघडलं नसतं. इथे मिळते जमीन, आणि तीही त्याच तळ्याखालची. तळं फुटलं तर जमीन कोरडी, बक्षीस संपलं. म्हणजे बांधणाऱ्यालाच, आणि त्याच्या मुलांना-नातवांनाही, दर उन्हाळ्यात गाळ काढणं भाग आहे. देखभालीसाठी वेगळा निरीक्षक नेमायची गरज नाही. हे काही रामराज्य नव्हतं हेही लक्षात ठेवायला हवं. पाळीवर माती टाकणारे हात आणि तुकूम मिळालेला माणूस एकच असेल असं नाही. बहुतेक वेळा नसणारच. पण पाणी साठवण्याचा खर्च करणारा आणि पाण्याचा फायदा घेणारा, ही दोन टोकं या पद्धतीत एकमेकांना बांधलेली होती. पुढे जे काही झालं ते ही गाठ सुटण्याचं आहे.

१७५१ च्या सुमारास चांद्याचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला आणि १८५० च्या दशकात सगळा मुलूखच खालसा झाला. गावोगावचे मालगुजार तळ्यांचे मालक ठरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनेही असोलामेंढा, नळेश्वर, घोडाझरी असे मोठे तलाव बांधले. मग १९५० चा मध्य प्रदेशातला कायदा आला आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपली. ती संपणं गरजेचंच होतं, याबद्दल मला शंका नाही. पण जमिनीबरोबर तळीही सरकारजमा झाली. गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क नोंदले गेले, पाणी घ्यायचा हक्क राहिला, पण गाळ काढायची जबाबदारी नेमकी कुणाची हे धूसर झालं. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारी सोसायटीकडे आणि गाळ तळ्यातच.

सरकारी कागदांत या तळ्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, आणि त्याचं संक्षिप्त रूप आहे ‘मामा तलाव’. चंद्रपूर आणि गडचिरोलीत मिळून असे तीन हजारांच्या वर मामा आहेत. भाच्यांनी त्यांच्याकडे किती लक्ष दिलं ते कुठल्याही तळ्याच्या काठावर उभं राहिलं की दिसतं. अनेक ठिकाणी बेशरमची झुडपं काठापासून मध्यापर्यंत आलेली असतात.

आता शहरात येऊ. चंद्रपूरच्या जन्माची दंतकथाच पाण्याची आहे. खांडक्या बल्लाळशहा नावाच्या राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीत तहान लागली, झरपट नदीचं पात्र कोरडं होतं, एका खळग्यात थोडं पाणी दिसलं. तो ते प्यायला, हातपाय धुतले, रात्री गाढ झोपला आणि सकाळी राणीला त्याच्या गाठी गेलेल्या दिसल्या. त्या जागी अचलेश्वराचं देऊळ झालं आणि जवळ शहर वसलं. दंतकथा आहे, पुरावा कुणी मागू नये. पण शहर कुठे वसवायचं हे पाण्याने ठरवलं, एवढा अर्थ त्यातून घ्यायला हरकत नाही. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या बेचक्यात किल्ल्याचा परकोट उभा राहिला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, पाच खिडक्या, आणि परकोटाला लागून रामाळा तलाव.

किल्ल्याच्या आत राजवाडा होता. तिथे आज जिल्हा कारागृह आहे. राजवाड्याचं तुरुंगात रूपांतर इंग्रजांनी केलं. १८५७ च्या उठावानंतर गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथेच फाशी दिलं गेलं. या कारागृहाच्या आवारात गैबीशाह वलींचा दर्गा आहे, आणि मोहरमच्या दिवसांत कारागृहाचं दार सगळ्यांसाठी उघडतं. आत एक जुनी विहीर आहे. दर्ग्याला आलेले लोक तिचं पाणी बाटलीत भरून घेऊन जातात. माझ्यासोबत रांगेत उभ्या असलेल्या एका म्हातारीने दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली आणली होती आणि ती गळ्यापर्यंत भरून घेतली. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवू. मला ती विहीर इमारतीची गोष्ट म्हणून महत्त्वाची वाटते. राजवाडा असो की तुरुंग, इमारत आपलं पाणी आपल्या आवारात घेऊन उभी होती. पाणी किती उरलंय हे कळायला मीटर लागत नव्हता, वाकून बघितलं की पुरे. वैशाखात तळ दिसू लागला की स्वयंपाकघरापासून तबेल्यापर्यंत सगळ्यांना समजायचं.

नळ आला तेव्हा हे वाकून बघणं गेलं. नळाने बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरवला, त्याबद्दल नळावर टीका करणाऱ्या कुणाशीही मी भांडेन. पण नळाला मागची बाजू दिसत नाही. पाणी संपत आलं तरी शेवटच्या दिवसापर्यंत धार तशीच असते.

स्वातंत्र्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यात एक संस्था उभी राहिली जिने हा जुना क्रम पाळला. १९५१ मध्ये वरोड्याजवळ बाबा आमटे, साधनाताई, त्यांची दोन लहान मुलं आणि मोजके कुष्ठरोगी सरकारने दिलेल्या पडीक जमिनीवर राहायला आले. त्यांना मिळाली होती झुडपांची, दगडगोट्यांची पन्नास एकर. जून महिन्यात विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं. आनंदवनाच्या गोष्टीत सगळ्यांना प्रेरणा दिसते, मला मात्र आधी विहीर दिसते. गावच्या विहिरीवर कुष्ठरोग्याला कुणी येऊ देत नव्हतं. त्यामुळे इमारतीआधी, शेताआधी, बोटं झडलेल्या हातांनी विहीर खणणं हे पहिलं काम होतं. ज्यांना दुसऱ्याचं पाणी मिळणार नाही अशा माणसांची संस्था आपोआप पाण्याच्या बाबतीत शहाणी होते. पुढे तिथे दवाखाने, वसतिगृहं, कॉलेजं झाली. शौचालयांच्या मैल्यापासून गॅस करून तो चुलीला वापरला गेला, डॉ. विकास आमटे यांच्या काळात टाकाऊ टायर आणि प्लास्टिक वापरून बंधारा घातला गेला. कचरा बंधाऱ्यात, पाणी जमिनीत, जमिनीतलं पाणी विहिरीत. एखाद्या कॅम्पसने पाणी कसं वापरावं याचा धडा शोधायला आपल्याकडे लोक सिंगापूरचे व्हिडिओ बघतात. चंद्रपूरहून वरोडा बसने तासाभराच्या अंतरावर आहे.

आणि मग आमच्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी तहान. तुकूमच्या पुढे दुर्गापूर, आणि तिथे चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र. त्यासाठी इरई नदीवर धरण बांधलं. १९८३ च्या सुमारास धरणही झालं आणि पहिला संचही सुरू झाला. धरणाचं मागचं पाणी ताडोब्याच्या जंगलाला जाऊन भिडतं, ज्याचे वाघासकट फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिले असतील. त्याच धरणातून चंद्रपूर शहराला प्यायचं पाणी येतं.

औष्णिक केंद्राला पाणी लागतं कशाला, हे शाळेत नीट शिकवत नाहीत. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते पाणी थोडं आणि तेच तेच फिरतं. खरं पाणी जातं ती वाफ पुन्हा थंड करायला. ते थंड करणारं पाणी स्वतः गरम होतं, मग ते त्या भल्यामोठ्या, कमरेत बारीक असलेल्या मनोऱ्यांतून खाली पाडतात. त्यातला काही भाग वाफ होऊन आकाशात जातो, आणि तो परत येत नाही. लांबून जो पांढरा धूर वाटतो तो बराचसा इरईचं पाणी असतो. शिवाय आपल्या कोळशात राख फार. ती राख पाण्यात कालवून पाइपने राखेच्या बंधाऱ्यापर्यंत ढकलायची, त्यालाही पाणी.

२००९ चा पावसाळा कमी झाला. २०१० च्या मे महिन्यात इरई धरण इतकं आटलं की केंद्राचे संच एकामागून एक बंद करावे लागले. तेव्हा केंद्राची क्षमता २,३४० मेगावॅट होती, राज्यातलं सगळ्यात मोठं औष्णिक केंद्र. आमच्या गच्चीवरून रोज दिसणारे पांढरे लोट त्या उन्हाळ्यात विरळ झाले. चंद्रपूरचा मे महिना कसा असतो ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पारा ४६-४७ वर जातो आणि जगातल्या सगळ्यात गरम गावांच्या यादीत आमचं नाव आलं की आम्ही व्हॉट्सअॅपवर एकमेकांना अभिमानाने पाठवतो. त्या उन्हात प्रश्न असा उभा होता की उरलेलं पाणी लोकांनी प्यायचं की वीज करायची. उत्तर एकच असू शकत होतं आणि ते दिलं गेलं. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद पडलं, तेव्हा राज्याला याची सवय होऊ लागली होती.

थोडा हिशेब करू. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जुन्या औष्णिक केंद्रांना मर्यादा घातली: एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाणी. म्हणजे आपल्या बिलातल्या एका युनिटला साडेतीन लिटर. त्याआधी अनेक केंद्रं याहून जास्त पाणी घेत होती. ही मर्यादा पाळली असं धरलं तरी २,३४० मेगावॅट पूर्ण क्षमतेने दिवसभर चालवायला साडेएकोणीस कोटी लिटरच्या वर पाणी लागतं. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या तीन लाख वीस हजार होती. माणशी १३५ लिटर हे प्रमाण लावलं तर सगळ्या शहराला दिवसाला सव्वाचार-साडेचार कोटी लिटर पुरतं. म्हणजे साडेचार चंद्रपुरं एका आवारात.

याचं दुसरं टोक मुंबई-पुण्याच्या इमारतींत आहे. तुमच्या ऑफिसातला दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट खात असेल आणि आठ तास चालत असेल तर बारा युनिटं झाली. ती कोळशाच्या विजेची असतील तर कुठल्यातरी धरणातलं ४०-४२ लिटर पाणी त्या एका एसीने त्या दिवशी आकाशात सोडलं. आता दुसरा आकडा. भारतीय मानक संस्थेच्या आयएस ११७२ या मानकात कुठल्या इमारतीला किती पाणी लागतं याचा तक्ता आहे. कार्यालयात माणशी दिवसाला ४५ लिटर. वसतिगृहात १३५. हॉटेलात खाटेमागे १८०. शंभरहून जास्त खाटांच्या रुग्णालयात खाटेमागे ४५०. म्हणजे ऑफिसातला एक एसी जवळजवळ एका जास्तीच्या कर्मचाऱ्याइतकं पाणी पितो, फक्त ते तिथल्या मीटरवर दिसत नाही. बेसिनवर ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी लावून मीटिंग रूमचा एसी रिकाम्या खोलीत चालू ठेवणाऱ्या ऑफिसांना हा हिशेब कुणीतरी दाखवायला हवा.

जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणात आणखी एक गोष्ट आली. सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत जे औष्णिक केंद्र असेल त्याने प्रक्रिया केलेलं सांडपाणीच वापरायचं. नागपूरने हे आधीच मनावर घेतलं होतं. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. मला ही कल्पना फार आवडते. नागपूरच्या हजारो संडासांतून, हॉटेलांतून, हॉस्पिटलांतून वाहिलेलं पाणी वीज होऊन परत त्याच इमारतींत येतं. धरणातलं तेवढं पाणी माणसांना उरतं. सांडपाण्याला गिऱ्हाईक मिळालं की ते शुद्ध करायला पैसे मिळतात, ही तुकूमच्याच जातीची गाठ आहे.

आणि आमच्याकडे गिऱ्हाईक दारात असताना सांडपाणी गेलं कुठे? झरपटीत, इरईत आणि रामाळ्यात. ज्या झरपटीच्या घोटभर पाण्याने राजा बरा झाला, तिचं पाणी आता पायाला लागलं तरी घरी येऊन साबण लावावा लागतो. २०२१ च्या फेब्रुवारीत इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे रामाळा तलाव वाचवण्यासाठी उपोषणाला बसले. याच संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून किल्ल्याचा परकोट झाडाझुडपांतून मोकळा केला होता. तळ्यातला गाळ काढा आणि नाल्याचं घाण पाणी तळ्यात येऊ देऊ नका, एवढ्यासाठी एका माणसाला अन्न सोडावं लागतं. गोंड राजाच्या काळी याच कामाची जमीन मिळायची.

आता इमारतींच्या नियमांकडे येतो, कारण तुमचा-माझा संबंध तिथे येतो. महाराष्ट्रात २००५ पासून नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवायची किंवा जिरवायची सक्ती येत गेली. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना ती लागू आहे. सोय केली नाही किंवा नीट ठेवली नाही तर दंड आहे: दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला जास्तीत जास्त एक हजार रुपये. कॉलेजची दोन हजार चौरस मीटरची इमारत असेल तर वर्षाला वीस हजार. एवढ्यात उन्हाळ्याचे टँकरही होत नाहीत. आणि हा दंड कुणाला झाल्याचं मी अजून तरी ऐकलेलं नाही.

नियम वाईट नाही. छपरावरच्या पावसाचा हिशेब करून बघा. हजार चौरस मीटरचं छप्पर, बाराशे मिलिमीटर पाऊस, गळती-बाष्पीभवनात वीस टक्के गेले असं धरा. नऊ लाख साठ हजार लिटर. म्हणजे शंभर माणसांच्या कार्यालयाला, माणशी ४५ लिटरने, दोनशेहून जास्त दिवसांचं पाणी एका छपरावर पडतं. सरकारी कार्यालय वर्षातून साधारण तेवढेच दिवस उघडं असतं. गडचिरोलीत पाऊस याहून जास्त आहे. या दोन जिल्ह्यांत एकही सरकारी इमारत कोरडी पडायचं कारण नाही, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, गुणाकार करून म्हणतो. अर्थात सगळं पाणी टाकीत मावणार नाही, बरंचसं जमिनीत जिरवावं लागेल, आणि जमीन सगळीकडे सारखी घेत नाही. गडचिरोलीच्या बऱ्याच भागात खाली कठीण खडक आहे, खड्ड्यात ओतलेलं पाणी तिथेच थबकतं. चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. तिथे पावसाचं पाणी नुसती बचत नाही, ते दातांचं आणि हाडांचं औषध आहे.

अडचण आहे ती खड्डा कुणासाठी खणला जातो याची. मी ज्या वसतिगृहात तीन वर्षं काढली तिथे हा खड्डा होता. त्यावर निळी पाटी होती, पाटीवर थेंबाचं चित्र होतं. गच्चीवरून आलेला पाइप जमिनीपासून हातभर वर तुटलेला होता आणि पावसाळ्यात त्याची धार सायकल स्टँडवर पडायची. दुसऱ्या वर्षी खड्ड्यात कुणीतरी गुलमोहोराची तोडलेली फांदी टाकली, ती तिसऱ्या वर्षीही तिथेच होती. वॉर्डन वाईट माणूस नव्हता. पण खड्डा बिल्डरने बांधला, भोगवटा प्रमाणपत्रासाठी, आणि प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी खड्ड्याचं काम संपलं. पाइप जोडून वॉर्डनला काही मिळणार नव्हतं, न जोडून काही जाणार नव्हतं. टँकरचं बिल संस्था भरायची, पाणी मुलं वापरायची, खड्डा कुणाचाच नव्हता. तो खड्डा म्हणजे छोटा मामा तलाव होता.

मग एखादी इमारत पाणी वाचवते तेव्हा नक्की कोण वाचवतं? गेल्या वर्षभरात मी ओळखीपाळखीने काही इमारतींच्या गच्च्यांवर चढलो. एक शाळा, दोन दवाखाने, एक तालुक्याचं कार्यालय, एक लॉज. पाण्याचं ऑडिट, सेन्सरचे नळ, दोन बटणांचे फ्लश टँक, एसीतून ठिबकणारं पाणी झाडांना, आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी लादी पुसायला, हे सगळे उपाय आहेत, आणि सगळे चालतात. पण कुठलाही उपाय चालत असेल तर तिथे एक माणूस हमखास सापडला. पंपवाला. कधी त्याला ऑपरेटर म्हणतात, कधी शिपाई, कधी नुसतंच ‘तो मोटरवाला’. बहुतेक वेळा ठेकेदाराकडून, महिन्याच्या पगारावर. गावतळ्याचं पाणी बांध्याबांध्यांत फिरवणाऱ्या माणसाला निदान हंगामाच्या शेवटी प्रत्येक शेतातून धान मिळायचं. याला किती पाणी वाचवलं म्हणून कधी काही मिळालेलं नाही.

एका दवाखान्यातल्या मोटरवाल्या काकांसोबत मी मे महिन्यात सकाळी साडेपाचला गच्चीवर होतो. टाकीला फ्लोट बसवलेला होता, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ते टाकीला कान लावून उभे राहिले. भरत आलेल्या टाकीचा आवाज बदलतो, जाड होतो, असं त्यांनी सांगितलं. मला काही फरक कळला नाही. त्यांनी जिन्यातून खाली हाक दिली, मोटर बंद झाली, आणि टाकीच्या तोंडातून एक थेंबही बाहेर आला नाही. मग ते कूलरच्या टाक्या बघायला गेले. वॉर्डातल्या कूलरना ते सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, बादलीने मोजून पाणी घालत. नळी लावून सोडली तर टाकी भरून लादीवर वाहतं आणि कुणाचं लक्ष नसतं, हे त्यांनी दोन उन्हाळे पाहिलं होतं.

मी विचारलं, काका, महिन्याला किती पाणी वाचत असेल याने? त्यांनी बोटांवर मोजलं.

“पहिले उन्हाळ्यात रोज दोन टँकर लागायचे. आता एकात भागते.”

“मग साहेबांना सांगितलं का?”

“टँकरवाल्याने सांगितलं असंल,” ते म्हणाले आणि बादली घेऊन पुढच्या वॉर्डात गेले.